साफ निघालेला तागा

"सगळं साफ आहे," डॉक्टर म्हणाले आणि खोलीतल्या चार माणसांपैकी तिघांचे चेहरे उजळले. डॉक्टरांचा, नवऱ्याचा आणि मुलीचा. चौथी ती. पोट तिचं, त्यातून कापून काढलेलं वीतभर आतडं तिचं, आणि पाल चुकचुकली तीही तिच्याच मनात. टाके अजून ओढत होते म्हणून ती खुर्चीच्या कडेला तिरकी टेकली होती, आणि तिथून तिला डॉक्टरांचा चेहरा एका बाजूने दिसत होता. चेहरा पाहावा तर असा बाजूनेच. समोरून कुणीही काहीही लपवू शकतं. डॉक्टर सांगत होते, की आतड्यातला रोग मुळासकट काढला आहे, आता प्रश्न होता तो पुढे सरकलाय का एवढाच. आतड्याला लागून जी चरबी असते तिच्यात बारीक बारीक लसिका ग्रंथी असतात, आणि हा रोग घराबाहेर पडला की पहिला मुक्काम तिथे करतो. "तुमच्या," असं म्हणून ते थांबले, खाली पाहिलं, "नऊ ग्रंथी तपासल्या. नऊच्या नऊ साफ." ते थांबणं पापणी लवण्याएवढंही नसेल, पण गिरणीत पळत्या कापडात एवढंच काहीतरी दिसतं आणि त्यावर खडूची खूण करायची असते. "नऊच?" तिने विचारलं. "बारा तरी मिळाव्यात अशी आमची अपेक्षा असते," डॉक्टर म्हणाले, "कधी कमी मिळतात. तरी मी लॅबला..." आणि तेवढ्यात नवऱ्याने टेबलावरून वाकून डॉक्टरांचा हात दोन्ही हातांत धरला, मुलीने कधी नव्हे ते आईच्या खांद्यावर डोकं टेकलं, डॉक्टरांचा फोन वाजला आणि वाक्य अर्धंच राहिलं. बाकीच्यांना ते अर्धं राहिल्याचं कळलंही नाही. ती मात्र घरी आली ती त्या अर्ध्या वाक्यासकट.

गिरणीच्या तपासणी खात्यात तिला सगळे भिंग म्हणत. तोंडावर बाई आणि पाठीमागे भिंग, आणि हे तिला ठाऊक आहे हेही सगळ्यांना ठाऊक. उताराच्या काचेखाली नळ्यांचे दिवे, काचेवरून वरून खाली सरकत जाणारं कापड, आणि समोर उभी ती, एक हात कापडावर अलगद टेकवलेला. नव्या मुलींना वाटे की हे काम डोळ्यांचं आहे. डोळ्यांना तुटलेला धागा दिसतो, तेलाचा डाग दिसतो, पण विणीत एखादा पट्टा किंचित विरळ गेला असेल तर तो आधी बोटांना कळतो आणि मग डोळ्यांना पटतो. जुन्या मास्तरांनी घालून दिलेला एक नियम त्या खात्यात होता, आणि मास्तर गेल्यावर तो तिने जिवापाड सांभाळला होता. डागाचा तागा एकदा, साफ तागा दोनदा. ज्या ताग्यात दोष सापडले त्याला खुणा करून पुढे पाठवायचं, त्याची काळजी नाही. ज्यात एकही सापडला नाही तो मात्र गुंडाळून दुसऱ्या टेबलावर न्यायचा आणि दुसऱ्या डोळ्यांनी पुन्हा पाहायचा. मुली कुरकुरत, की चांगल्या मालाला ही कसली शिक्षा. ती म्हणे, "बिनदोषाचं कापड अजून कुणी विणलेलं नाही, गं. साफ दिसलं म्हणजे बघणारी पेंगत होती." आणि खरोखरच, दहातले आठ तागे दुसऱ्या फेरीत काहीतरी ओकत. असं आयुष्य गेलेल्या बाईला नऊच्या नऊ साफ म्हणून सांगितलं, तर तिला गोड झोप लागावी अशी अपेक्षा करणाराच खुळा.

घरी येऊन ती खिडकीपाशी आडवी झाली आणि नवऱ्याने आपणहून खिडकी उघडून दिली. हे तर फारच झालं. लग्न झाल्यापासून या दोघांचं भांडण कशावर चालू असेल तर या खिडकीवर. तिला वारा हवा, त्याला वाऱ्याची धास्ती. शाळेची बस चालवणारा माणूस, दिवसभर काचा खाली करून धूळ खातो आणि घरी आला की म्हणतो, लाव ती खिडकी. दोघांनी या एका झडपेवरून एकमेकांच्या माहेरासासरचा उद्धार केला होता, अबोले धरले होते, एकदा तर तो उशी घेऊन बाहेरच्या खोलीत जाऊन झोपला होता आणि सकाळी पाठ धरली म्हणून त्याचाही दोष तिच्याच माथी मारला होता. आणि आता हा माणूस विचारत होता, "एवढी पुरे, की पूर्ण उघडू?" पोटात टाके होते, पण गार पडलं ते टाक्यांच्या वर कुठेतरी.

कारण हे तिने एकदा पाहिलेलं होतं. ती शाळेत जात होती, वडील आतल्या खोलीत पडून होते, आणि घरात कुणीही विचारलं की उत्तर ठरलेलं असे, पोटात वारा धरतो. आई भांडकुदळ म्हणून नात्यात प्रसिद्ध. वडिलांनी चहाचा कप जमिनीवर ठेवला तरी ती घर डोक्यावर घेई. ती आई त्या दिवसांत गोड झाली. वडिलांनी कप उलटा केला तरी "असू दे, असू दे" म्हणे आणि फडकं घेऊन येई. मुलीला, म्हणजे तिला, किती बरं वाटलं होतं तेव्हा. घरात भांडण नाही, आवाज नाही, वडिलांच्या उशाशी फळं, पाहुणे आले की दारातच बूट काढून हलक्या पावलांनी आत जातात. तिने वर्गातल्या मैत्रिणीला सांगितलं होतं, की आमच्याकडे आता सगळं छान झालंय. मग एक दिवस शाळेतून तिला मधूनच घरी नेलं. त्यानंतर कितीतरी वर्षं तिला वडिलांचा राग येत होता, आईचा येत होता, पण सगळ्यांत जास्त त्या गोडव्याचा. वडिलांना तरी कुणी सांगितलं होतं का, हे तिला कधीच कळलं नाही. आईला विचारायचं धाडस झालं तोवर आईही राहिली नव्हती. घरात कुणी भांडायचं थांबलं की समजावं, हे एवढं मात्र ती शिकली, आणि जे लहानपणी शिकलं ते काही पुसलं जात नाही.

तेव्हा आता तिने घर तपासायला घेतलं. मुलगी रविवारी यायची ती मधल्या वारी येऊ लागली. ग्रंथालयातली नोकरी, रजा मिळत नाही म्हणून एरवी रडगाणं, आता रजा कुठून उगवली? निकाल कळला त्या दिवशी दवाखान्यात मुलगी औषधं आणायला म्हणून खाली गेली आणि परत आली तेव्हा तिच्या नाकाचा शेंडा लाल होता. नवरा गुणगुणत होता. पूर्वी तो फक्त बस धुताना गुणगुणायचा, आता भाजी निवडताना, दाढी करताना, मोजे शोधताना. माणूस इतका गुणगुणतो तेव्हा कशावर तरी झाकण ठेवत असतो. दोघं स्वयंपाकघरात बोलत असली आणि ती आली की बोलणं थांबत नसे, पण विषय बदलल्यासारखा वाटे, आणि बदललेला विषय इतका साधा असे की तोच संशयास्पद. साखर संपली का, म्हणे. डबा अर्धा भरलेला तिने स्वतः पाहिला होता. म्हणजे यांनी डॉक्टरांना आधीच गाठलं असणार. "तिला काही सांगू नका, तिचा स्वभाव असा आहे, ती खचेल," असं मुलगी म्हणाली असणार, आणि डॉक्टरांनी मान डोलावली असणार, आणि मग आकडा सांगताना त्यांची जीभ अडखळली असणार. सगळं कसं जुळत होतं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, पण तिला वाटे, वैऱ्याला काय पडलंय, चिंता करायला घरची माणसं आहेत की. आणि मधूनच, भात चिवडता चिवडता, तिला उलटंही वाटे, की तपासायला हवं ते यांना नाही. तपासायला हवी ती चरबी. कुठे असेल ती आता? फेकून दिली असेल? आपल्यातून निघालेली आणि आपण कधीही न पाहिलेली वस्तू कुठल्यातरी बरणीत आहे आणि आपलं काय होणार हे तिला ठाऊक आहे, या विचाराने तिच्या बोटांना खाज सुटे. ती चादरीचा काठ बोटांत धरून दाबत राही.

एका सकाळी "जरा पाय मोकळे करून येते" म्हणून ती निघाली. नवऱ्याने "सावकाश जा" म्हटलं, सोबत येतो म्हटलं नाही, हेही तिने मनात नोंदलं. दवाखान्याच्या मागच्या अंगाला प्रयोगशाळा होती. खिडकीतल्या माणसाने आधी टाळलं, मग ती हलत नाही म्हटल्यावर आत गेला, आणि बाहेर आली ती तिच्या मुलीहूनही लहान दिसणारी डॉक्टरीण. माणसांच्या शरीरातून कापून काढलेलं जे जे असतं ते हिच्यासमोर येतं, हे तिला नंतर कळलं. हात नुकतेच धुतलेले, डोळ्यांखाली काळं. पेंगत असेल का ही, असा पहिला विचार.

"माझ्या नऊ ग्रंथी कुणी शोधल्या?"

"मी," डॉक्टरीण म्हणाली. तिने नाव विचारून खात्री करून घेतली होती. "काही प्रश्न आहे का? सरांनी सांगितलं असेल ना."

"कशा शोधता?"

डॉक्टरीण जरा गोंधळली. काय निघालं हे सगळे विचारतात, कसं शोधलं हे बहुतेक कुणी विचारत नसावं. मग तिने अंगठा आणि दोन बोटं एकमेकांवर घासून दाखवली. "असं. चरबी बोटांत दाबत दाबत जायचं. ग्रंथी जरा कडक लागते. मोठी असली तर मसुराएवढी, लहान असली तर मोहरीएवढी. त्याहून बारीक निसटते."

तिने त्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाली, "दिवसाच्या शेवटी शोधल्यात?"

"शेवटचाच नमुना होता तुमचा," डॉक्टरीण म्हणाली, आणि लपवलं नाही याचंच तिला नवल वाटलं. "आणि रागावू नका, पण तुमची चरबीही काही कमी नव्हती."

हसू येत होतं, पण टाक्यांच्या भीतीने तिने ते आतच ठेवलं. डॉक्टरिणीने तिला बाकावर बसवलं. सांगितलं की सरांनी त्याच दिवशी पुन्हा शोधायला सांगितलंय, नऊवर कुणीच समाधानी नाही. चरबी एका द्रावणात घालून ठेवली आहे, त्यात ती काचेसारखी होते आणि आतल्या ग्रंथी पांढऱ्या उठून दिसतात. उद्या काढणार.

"तुम्हीच काढणार?"

"नाही, आमच्या मोठ्या मॅडम. मला एकदा दिसलं नाही तिथे मला दुसऱ्यांदाही दिसणार नाही."

इथे या मुलीविषयी तिचं मत एकदम बदललं, आणि बदललं म्हणून ती पुन्हा सावध झाली. "मग मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"सर म्हणाले सांगितलंय." अर्धं वाक्य. तरी मी लॅबला. म्हणजे ते वाक्य पुढे असं होतं? की आता नंतर शिवून जोडलंय? रफू करणारा चांगला असला की फाटलेलं कळत नाही. "आणि काही सापडलं तर?" तिने विचारलं.

"तर रोगाची पायरी बदलते. दुसरीवरून तिसरी. औषधं घ्यावी लागतात, काही महिने. नाही सापडलं तर आत्ता नऊवर जेवढा भरवसा आहे त्याहून जास्त ठेवता येईल." डॉक्टरीण तिच्याशेजारी बाकावर टेकली. "रोग तोच असतो, मावशी. आम्ही शोधला म्हणून तो येत नाही आणि शोधला नाही म्हणून जातही नाही."

हे तर तिने स्वतः कितीदा मुलींना सांगितलं होतं, कापडाबद्दल. परत येताना तिला वाटेत दोनदा थांबावं लागलं. घरी नवरा दारातच उभा होता. "इतका वेळ?" त्याने विचारलं, आणि ती म्हणाली, "ओळखीची एक भेटली." मग तिच्या लक्षात आलं, की या घरात सिद्ध झालेलं पहिलं खोटं आपलंच. पण चोराच्या मनात चांदणं असतं ना, तसं तिला लगेच वाटलं, की आपण इतक्या सहज लपवू शकतो तर ही दोघं किती सहज लपवत असतील. पुढचे दिवस तिने त्यांचे चेहरे ताग्यासारखे पुन्हा पुन्हा फिरवले. नवरा तसाच गुणगुणत राहिला. खिडकी तशीच उघडी राहिली.

दवाखान्यातून बोलावणं आलं तेव्हा तिघं पुन्हा त्याच खोलीत, त्याच खुर्च्यांवर बसली. नवऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. टाके बघायला बोलावलं असेल, असं तो वाटेत म्हणाला होता. डॉक्टरांनी या वेळी खाली पाहिलं नाही. "मी त्या दिवशी म्हणालो तसं आम्ही पुन्हा शोधलं," ते म्हणाले. "आणखी चौदा मिळाल्या. एकूण तेवीस. त्यातल्या दोन ग्रंथींमध्ये रोग आहे."

आणि तिला आनंद झाला. खोटं कशाला बोला, आनंदच झाला. कापड सरकत असताना बोट अडकतं, दिवा मोठा करून पाहावं तर नेमका तिथेच दोष निघतो, आणि छातीत जे एक ऊबदार काहीतरी पसरतं, तेच पसरलं. इतके दिवस वेडी ठरत होती, नाही का? संशयी, भिंग, कुजकट. ती नवऱ्याकडे वळली आणि विजयी सुरात म्हणाली, "बघा. म्हटलं नव्हतं मी?"

नवरा तिच्याकडे पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त कुठेतरी निघून गेलं होतं. ओठ गुणगुणताना असतात तसे किंचित उघडे होते आणि त्यांतून काही येत नव्हतं. हात इस्त्रीच्या शर्टाची खालची कड चुरगाळत होते. ती तपासायच्या सवयीने तिरकी वळली, बाजूने पाहिलं, पुन्हा समोरून पाहिलं. काही नव्हतं त्या चेहऱ्यात दडवलेलं. त्याला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. तो खरंच मानून चालला होता, की नऊच्या नऊ साफ, बायको वाचली, आता खिडकी उघडी राहिली तरी काय बिघडलं. तो नुसता खूश होता. मुलगी रडत होती आणि रडता रडता म्हणत होती, "आई, त्या दिवशी पण मी जिन्यात रडले होते, पण तेव्हा आनंदाने, आणि तू तेव्हापासून माझ्याकडे अशी बघतेयस." काखेत कळसा आणि गावाला वळसा. साफ तागा घरात होता, आणि तो तिने इतका फिरवला, इतका फिरवला, की आता तो तिच्यासमोर असा चोळामोळा होऊन बसला होता. आणि मग, त्या विजयी वाक्यानंतर बऱ्याच वेळाने, तिला कळलं की दोन ग्रंथी कुणाच्या. मागून कुणीतरी गार हात ठेवावा तसं ते आलं. दोन्ही हात तिने मांडीखाली घातले.

डॉक्टर सांगत राहिले, आणि तिने यापूर्वी कुणाचं ऐकलं नसेल इतक्या लक्षाने ऐकलं. ग्रंथी खरोखरच साफ असत्या तर अशा दहा माणसांतली आठाहून जास्त पुढे पाच वर्षांनी ठणठणीत असतात. ग्रंथींपर्यंत पोचला की आकडा उतरतो. पण किती ग्रंथींत पोचला यावर पुष्कळ अवलंबून असतं. दोनच आहेत, चार-पाच असत्या तर आणखी खाली गेला असता. औषधं घेतली तर दहातली सात म्हणायला हरकत नाही. "आणि नऊवर थांबलो असतो," डॉक्टर म्हणाले, "तर ही औषधं मी तुम्हाला दिलीच नसती." तिला शाबासकी देत नव्हते ते. नुसतं सांगत होते. मग म्हणाले की औषध सुरू झालं की गार पाणी, गार हवा टाळायची, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, सुया टोचल्यासारखं होतं.

"बोटांना?" ती म्हणाली.

"हो. बहुतेकांचं नंतर कमी होतं. काहींची थोडी बधिर राहतात."

"मी कापड तपासते," ती म्हणाली. डॉक्टरांना ते काय आहे हे समजलं नसावं, पण ते म्हणाले, त्रास वाढतोय असं वाटलं तर लगेच सांगा, मात्रा कमी करता येते, लपवू नका. लपवू नका, हे तिला सांगावं लागलं. नवऱ्याने या वेळी डॉक्टरांचा हात धरला नाही. तिचा धरला, जिना उतरेपर्यंत सोडला नाही, आणि बसमध्ये तिकीट काढताना दुसऱ्या हाताने खिसा चाचपत राहिला.

संध्याकाळी ती खिडकीपाशी जाऊन बसली. समोरच्या इमारतीत कुणीतरी चटई झटकत होतं. मुलगी आत भांडी लावत होती, नेहमीपेक्षा जोरात. नवरा आला, उभा राहिला, आणि त्याने झडप ओढून घेतली.

"उघडा ती," ती म्हणाली.

"नाही."

"उकडतंय मला."

"उकडू दे. डॉक्टरांनी काय सांगितलं ऐकलंस ना? गार हवा बंद."

"औषध सुरू झाल्यावर बंद. औषध सोमवारी सुरू होतंय."

"सवय आजपासून."

"सवय! इतकी वर्षं टपूनच बसला होतात. शेवटी डॉक्टर तुमच्या बाजूचा निघाला."

"निघाला तर निघाला," नवऱ्याचा आवाज चढला, "शहाणी समजतेस स्वतःला. सगळ्यांचे दोष काढशील, पण साधं एक ऐकायचं म्हटलं की..." आणि इथे आवाज मधेच चिरकला, पण तो थांबला नाही, तसाच चिरक्या आवाजात भांडत राहिला. तिच्या वाऱ्याच्या वेडावर आला, तिच्या माहेरच्या हट्टीपणावर आला, बाहेरच्या खोलीत झोपून धरलेल्या पाठीवरही आला. भांड्यांचा आवाज थांबला होता. ती ऐकत होती. घाबरलेला माणूस भांडत होता आणि काही लपवत नव्हता. ती म्हणाली, "वीतभर तरी उघडी ठेवा."

"वीत नाही. चार बोटं."

"कुणाची चार बोटं? तुमची की माझी?"

त्याने तिचा हात उचलला, चार बोटं फटीत धरली आणि झडप हळूहळू तिथवर आणून थांबवली. बाहेरची गार हवा बोटांच्या टोकांना लागत होती, एकेका बोटाला वेगवेगळी. तो आत निघून गेल्यावरही तिने हात तिथून काढला नाही.